हुलग्यापुढची फुली

मकबूल,

शेवटचं भेटलो तेव्हा तू उशीला टेकून बसला होतास. भाभीनं पांघरूण नीट केलं, चहा आणायला आत गेली, आणि तू मला म्हणालास, "दत्तू, एक कोडं राहिलं गड्या."

मी म्हणालो, "जास्त बोलू नको. पड जरा."

"पडूनच हाय की महिनाभर. ऐक तर. हुलगा घोड्याला घालतात. घोडा पळतो, त्याला काय होत न्हाय. बैलाला घालतात. माझ्या आईनं जन्मभर खाल्ला, ती नव्वदीला गेली. मंग माझीच साखर का वाढावी त्यानं? बाकी समद्याचं कळलं मला. भाताचं कळलं, केळाचं कळलं. ह्याचं न्हाय कळलं."

मी खिडकीकडं बघितलं. बाहेर मिरच्या वाळत घातल्या होत्या. यंदा मिरची चांगली लाल आलीय असं काहीतरी मी बोललो. तू माझ्याकडं बघत राहिलास. मग चहा आला.

तुझ्या कोड्याचं उत्तर तेव्हा माझ्या तोंडात होतं, मकबूल. दहा वर्षं होतं. आठवडाभरानं तू गेलास आणि उत्तर माझ्याकडंच राहिलं. उद्या तुझा चाळिसावा. त्याच्या आत हे लिहून काढायचं ठरवलंय. हे येडशीच्या स्टँडवरच्या ड्रायव्हर मंडळींनाही वाचायला देणार आहे, कारण चूक आता आपल्या दोघांपुरती राहिलेली नाही.

आपण सतरा वर्षं एका गाडीवर जोडीनं चाललो. तू चालवायचास तेव्हा मी मागच्या बर्थवर झोपायचो, मी चालवायचो तेव्हा तू. दुसऱ्याच्या हातात जीव देऊन झोपायचं, असा हा धंदा. लोकांना वाटतं, ड्रायव्हरला रस्ते ठाऊक असतात. तुला रस्त्यापेक्षा चुली जास्त ठाऊक होत्या. सोयाबीन उतरवायला कुठंही जाऊ दे, हमालांना तुझा पहिला प्रश्न ठरलेला. भाडं नाही, परतीचा माल नाही. "इथली माणसं सकाळी काय खाऊन कामाला जातात?"

बिहारात एका म्हाताऱ्या हमालानं तुला फुटाण्याचं पीठ पाण्यात कालवून दाखवलं. वर कांदा, मीठ, लिंबू. तू दोन पेले प्यालास आणि त्या माणसाला विचारत सुटलास, "भूक किती वेळानं लागती? ऊन लागत न्हाय का? पोट फुगत न्हाय का?" तो हसून म्हणाला, तुम्ही ड्रायव्हर की डॉक्टर? परत आल्यावर तू बाजारातून फुटाणे आणलेस, भाभीकडून दळून घेतलेस, आणि पुढच्या फेरीपासून सत्तूचा डबा आपल्या पेटीत आला. मी त्याला कोंबड्यांचं खाद्य म्हणायचो. पण ढाब्यावरच्या एका चहा-भज्याच्या दामात ते आठ दिवस पुरायचं, हे मी कधी कबूल केलं नाही. आता करतो.

ती पेटी आठवते का? विचारण्यात अर्थ नाही. तूच सुताराकडून करून घेतली होतीस. गाडीच्या अंगाला, चाकांच्या मध्ये बसवलेली लाकडी पेटी. झाकण वर उचलून काठीचा टेकू दिला की वर सावली आणि आत स्टोव्ह, लहान कुकर, तिखटमिठाचे डबे. कापडात बांधलेली कडक भाकरी पंधरा दिवस बिघडत नसे. शेंगाची चटणी. मटकीचं ओलं फडकं तू आरशाच्या दांड्याला बांधायचास. वाऱ्यानं ते सारखं गार राहायचं, सुकलं की पाण्याचा हबका मारायचा. आपण निघालो तेव्हा कोरडी असलेली मटकी हैदराबाद ओलांडून पुढं गेलो की मोड काढून बसलेली असायची. रामलिंगच्या वळणावर एकदा माकडानं ते फडकंच पळवलं. मी हसून हसून बेजार झालो. तू मात्र झाडाखाली उभा राहून बघत होतास.

"काय बघतोस? गेली मटकी."

"पेढ्याची पुडी शेजारीच होती, दत्तू. तिला हात न्हाय लावला त्यानं. का न्हाय लावला?"

"माकडाला इचार."

"तेच तर. इचारता येत न्हाय म्हणून बघतोय."

असा माणूस तू. आणि अशा माणसाच्या प्रयोगात मी हात घातला.

तुला साखर निघाली ते साल मला नेमकं आठवत नाही, पण त्या दिवशी तू घाबरला नाहीस हे आठवतं. डॉक्टरकडून बाहेर आलास तो खुशीत. म्हणालास, "आता मोजता येतं बघ. आधी नुसतं वाटायचं, भातानं झोप येती, तेलानं जड होतं. आता बोटाला टोचलं की आकडा." बोटाला टोचायचं यंत्र घेतलंस. पट्ट्या महाग, म्हणून रोज टोचायचं नाही. एका वेळी एकाच पदार्थाची परीक्षा. जेवून दोन तासांनी टोचायचं. बरोबर निघालं तर झाकणाच्या आतल्या बाजूला खडूनं त्या पदार्थापुढं बरोबरची खूण, चढलं तर फुली. एकदा खाऊन काही ठरत नाही, असं तुझं म्हणणं. तीन वेळा तेच निघालं की मगच धाराशिवला त्या पेंटरकडं जायचं, जो गाड्यांवर मोर आणि कमळं काढायचा, आणि त्याच्याकडून पक्क्या रंगात लिहून घ्यायचं.

"खडू पुसता येतो," तू म्हणायचास. "रंग पुसता येत न्हाय. म्हणून रंगाला घाई नक्को."

कडक भाकरी, मोडाची मटकी, सत्तू, ताक, काकडी, मूठभर शेंगदाणे, ह्यांना बरोबरच्या खुणा मिळाल्या. ढाब्याचा भात, केळी, पेढा ह्यांना फुल्या. माझ्या एकादशीच्या साबुदाण्यालाही तू टोचून बघितलंस. आकडा बघून म्हणालास, "उपास करतो का साबुदाण्याचं लगीन लावतो रे?" मी चिडलो. पण त्यानंतर मी एकादशीला भगर खायला लागलो, हेही तुला ठाऊक होतं.

आता मुद्द्यावर येतो.

आपला नियम होता, गाडी चालवून जो उतरेल त्यानं पाय ताणायचे, दुसऱ्यानं शिजवायचं. तू शिजवायचास ती मटकी नाहीतर पालेभाजी. मला एकच यायचं, हुलग्याची आमटी. सकाळी डब्यात हुलगे भिजत घालायचे, दुपारी कुकरात शिजवून, लसूण-मिरचीची फोडणी देऊन, चिंच घालून उकळायचं. तुला ती जीव की प्राण. वाटी तोंडाला लावून प्यायचास. "माझ्या मुरमाडातला हुलगा, तुझ्या हातचं पाणी," असं म्हणायचास. रामलिंगच्या डोंगराखाली तुझी ती शेताची पट्टी. तिच्यात दुसरं काही यायचंच नाही.

मग ती दुपार आली. कर्नाटकातून येताना एका नाक्यावर गाड्यांची रांग लागली होती, तीन-चार तास हललीच नाही. तू सकाळची गोळी घेतली होतीस आणि जेवण राहून गेलं. रांग सुटली, तू गाडी काढली, आणि पुढच्या घाटात मी शेजारी बसलेला, तर तुझ्या कपाळावरून पाण्यासारखा घाम. हात थरथरत होते. "मकबूल, बाजूला घे! बाजूला घे म्हणतो ना!" तू कशीबशी घेतलीस. मी बिस्किटाचा पुडा फोडून तुझ्या तोंडात कोंबला, वर साखरेचं पाणी. पंधरा मिनिटांनी तू हसलास.

"काय न्हाय रे. गोळी घेतली आन जेवन चुकलं. डॉक्टरनं सांगितलंच व्हतं. चूक माझी. गोडाचं काय न्हाय त्यात."

पण मी काय बघितलं होतं? गोड बंद केलेला माणूस घाटात थरथरला आणि गोड खाल्ल्यावर सावरला. मला तेवढंच दिसलं. आपल्या लायनीवर जुनी माणसं म्हणायचीच, ड्रायव्हरच्या अंगात गूळ पाहिजे, नाहीतर डोळा लागतो. मी मागं झोपलेलो असणार आणि तू पुढं थरथरत असणार, हे चित्र माझ्या डोक्यातून जाईना. घरी माझी दोन लेकरं होती, तुझी तीन. तुला समजावायला गेलो असतो तर तू टोचायचं यंत्र काढून बसला असतास.

म्हणून पुढच्या माझ्या पाळीपासून मी आमटीत गूळ घालायला लागलो. सुपारीएवढा खडा. तो कळू नये म्हणून चिंच वाढवली, मिरची वाढवली. तुझी जीभ तंबाखूनं जरा बधिर झालेली, ते मला ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी तू म्हणालास, "आज आमटीला काय चव आलीय दत्तू! काय केलंस?"

"चिंच नवी हाय," मी म्हणालो.

तुझे आकडे चढायला लागले.

आता तुझी गंमत आठवते. तू कसा शोध घेत गेलास! आधी तुला भाकरीचा संशय आला. म्हणालास, दोन जास्त होत असतील. एक केलीस. आकडा खाली येईना. मग अर्धी केलीस. अर्धी भाकरी कापडात परत गुंडाळून तू उठायचास आणि मी ते बघत बसायचो. आठ-दहा तास गाडी चालवणारा माणूस अर्ध्या भाकरीवर. मी म्हणायचो, "खा की रे पोटभर." तू म्हणायचास, "भूक लागती, पण बघू दे तर खरं, चोर कोण हाय." चोर समोर बसून आमटी वाढत होता, मकबूल.

मग तेरखेड्याचा माल लागला. तीन फेऱ्या लागोपाठ फटाके. फटाक्यांची गाडी म्हणजे स्टोव्ह घरी ठेवायचा, काडीसुद्धा पेटवायची नाही, हा तुझा कडक नियम. त्या फेऱ्यांना सगळं गार जेवण. कडक भाकरी, चटणी, कच्ची मोडाची मटकी, कांदा, सत्तू, ताक. तिन्ही फेऱ्यांत तुझे आकडे एकदम ठीक. भाकऱ्याही तू मुद्दाम दोन-दोन खाऊन बघितल्यास.

तिसऱ्या फेरीहून येताना तू एका पुलावर गाडी कडेला घेतलीस आणि मला उठवलंस. चेहरा असा, जसं काही सापडलंय.

"दत्तू, भाकरी सुटली! निर्दोष! ह्या तीन फेऱ्यात काय नव्हतं सांग?"

"काय?"

"तुझी आमटी नव्हती. चूल न्हाय, म्हणून आमटी न्हाय. आमटी न्हाय, तर साखर ठीक. म्हंजे हुलगा! हुलगाच हाय तो!"

मी बर्थवर उठून बसलो होतो. तेव्हा सांगायचं होतं. तिथं माणूस नव्हता, चिटपाखरू नव्हतं. पूल, खाली कोरडी नदी आणि आपण दोघं. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. "तुझंच पोट खराब, माझ्या आमटीला नावं ठेवू नको." आणि तोंड फिरवून झोपलो. तुला वाटलं, मी रुसलो. दोन दिवस तू मला मनवत होतास. "अरे तुझा हात न्हाय वाईट, दाणा वाईट निघाला," असं म्हणत होतास. खरं म्हणजे मला सुटल्यासारखं झालं होतं. आळ हुलग्यावर गेला होता.

तरी तू नियम सोडला नाहीस. आणखी तीन वेळा माझ्याकडून आमटी करवून घेतलीस, टोचलंस, खडूनं फुली मारलीस. त्या तीन वेळांना मी गूळ घातला नसता तरी हुलगा सुटला असता. पण मी घातला. आकडे आधी चढलेले आणि आता उतरलेले दिसले असते, तर तू लगेच विचारलं असतंस, ह्या वेळी वेगळं काय केलंस? मी भ्यालो. मग तू पेंटरकडं गेलास. 'हुलगा', आणि पुढं लाल रंगात फुली.

त्यानंतर आमटी बंद, म्हणून गूळ बंद. आणि तू गुळावाचून पुढं चार वर्षं गाडी चालवलीस. एकदाही हात थरथरला नाही. जेवणाची वेळ चुकवली नाहीस, बस. म्हणजे घाटात तू सांगितलं होतंस तेच खरं होतं, आणि मला ते चार वर्षं रोज दिसत होतं. तेव्हा तरी सांगायचं. पण स्टँडवर पोरं तुझं झाकण बघायला यायची. माकणीचा तो उंच ड्रायव्हर, ज्याला तुझ्याआधी साखर निघालेली, त्यानं तुझी सगळी यादी जशीच्या तशी आपल्या पेटीवर उतरवून घेतली. त्याच्यावरून आणखी दोघांनी. तुझ्या पोरानं, इरफाननं, स्वतःची गाडी घेतली तेव्हा पेटी आणि यादी दोन्ही तीच. जितक्या झाकणांवर ती फुली गेली तितकं माझं तोंड घट्ट झालं.

तू डोंगराखालच्या पट्टीत हुलगा पेरायचा बंद केलास. म्हणालास, घरात आला की खावासा वाटतो. वडिलांच्या वेळचं बियाणं होतं, ते शेजाऱ्याच्या बैलांना घालून टाकलंस. मी ते टोपलं रिकामं होताना बघितलंय.

तू गेल्यावर मी रोज येत होतो, पण ओट्यावर बसून परत जायचो. गेल्या आठवड्यात भाभीनं आत बोलावलं. म्हणाली, "दत्तूभाई, चाळिसाव्याला त्यांच्या आवडीचं करायचं असतं. घरातलं मला ठाऊक. रस्त्यात काय आवडायचं ते तुम्हीच सांगा."

मी म्हणालो, "मटकी. सत्तू."

"अजून?"

मी उठायला लागलो. ती स्वतःच म्हणाली, "पहिले तर हुलगा लई आवडायचा. पण ते चालत नव्हतं त्यांना."

"चालत होतं, भाभी," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. तुला सांगायचं ते भाभीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. मग तिनं वकिलासारखं एक-एक विचारलं.

"किती गूळ घालायचे तुम्ही?"

"सुपारीएवढा."

"दर पाळीला?"

"दर पाळीला."

"आणि त्यांनी भाकरी कमी केली तेव्हा बी?"

"तेव्हा बी."

"या घरात दहा वर्सं हुलगा शिजला नाही, दत्तूभाई. माझ्या माहेराहून आलेला मी परत पाठवला. मला बी आवडायचा. मला कुणी विचारलं नाही." ती उठली, सूप आत नेऊन ठेवलं. मला वाटलं, आता मला जा म्हणणार. तिनं दारातून विचारलं, "तुम्ही त्यांना झोप यायला नको म्हणून केलं का वाकडेपणानं केलं?"

"भ्यालो म्हणून केलं. आणि नंतर भ्यालो म्हणून सांगितलं न्हाय."

"भित्रे तर तुम्ही पहिल्यापासून आहेत," ती म्हणाली. "ते बी हेच म्हणायचे. दत्तू मागं झोपतो, पण एक डोळा उघडा ठेवतो." आणि पदर तोंडाला लावून ती रडली. मीही रडलो. मग तिनं इरफानला हाक मारली.

इरफान तुझ्यावर गेलाय. त्यानं सगळं ऐकून घेतलं, रागावला, दारापर्यंत गेला, परत आला. म्हणाला, "चाचा, तोंडी नाही चालत. अब्बाचा नियम ठाऊक हाय न्हवं?"

"मी खोटं कशाला बोलू आता?"

"खोटं न्हाय म्हणत. पण आधी बी तुम्ही बोलत नव्हता तेव्हा आम्ही फुली खरीच मानली होती. तुमाला बी साखर हाय. तुमीच बसा परीक्षेला."

तर मी बसलो, मकबूल. बाजारातून हुलगे आणले, कारण घरचं बी राहिलेलं नाही. तुझंच यंत्र. पट्ट्या इरफाननं नव्या आणल्या. मी तुझ्या ओसरीत आमटी केली, बिनगुळाची. ज्वारीच्या भाकरीबरोबर जेवलो आणि दोन तास भिंतीला टेकून बसलो. इरफान घड्याळ बघत होता, भाभी आतून दोनदा विचारून गेली, "झालं का?" मला कळलं नव्हतं इतकी वर्षं, की ते दोन तास कसे असतात. तू हसत बसायचास, पण आतून असंच होत असणार. आता काय निघतं, आता काय निघतं. बोट टोचलं. आकडा ठीक निघाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी इरफान म्हणाला, "आता गूळ घालून. सुपारीएवढा. चिंच जास्त." मी म्हणालो, कशाला? म्हणाला, "दोन्ही बाजू बघायच्या. अब्बा असते तर सोडलं असतं का तुमाला?" केली. आकडा चढला. चव मात्र तीच, तुला आवडलेली. ती खाताना मला मान वर करता आली नाही.

मी इरफानला म्हणालो, "पण माझं अंग म्हंजे तुझ्या अब्बाचं अंग न्हवं. त्याला हुलगा एकटा चालला असता का न्हाय, ते आता कुणाला सांगता यायचं न्हाय."

"व्हय," तो म्हणाला. "ते मोजायचं राहिलंच. एवढंच कळलं, की अब्बानं हुलगा कधी तपासलाच नव्हता. त्यांनी तपासला तो गूळ."

काल दुपारी आम्ही तुझ्या जुन्या गाडीचं ते झाकण मागच्या पडवीतून काढलं. गाडी मोडीत गेली तेव्हा तू तेवढंच घरी आणलं होतंस. इरफान थिनर, खरवडायची पत्री आणि लाल-पांढऱ्या रंगाचे डबे घेऊन बसला. फुलीवर फडकं ठेवलं, घासणार, तेवढ्यात मी त्याचा हात धरला.

"फुली नको पुसू."

"का?"

"फुली खरी हाय. तुझ्या अब्बानं तीनदा टोचून काढलेली हाय. त्याचा आकडा चुकला नव्हता. नाव चुकलं, ते माझ्यामुळं."

इरफाननं पत्री माझ्या हातात दिली. 'हुलगा' हे नाव मी खरवडून काढलं. पेंटरचा रंग पक्का, अर्धा तास लागला. त्या जागी पांढऱ्या रंगानं 'गूळ' लिहिलं. अक्षर वाकडं आलं, हात थरथरतो आता माझा, आणि तो गोड खाऊन थांबण्यातला नाही.

भाभी उंबऱ्यातून बघत होती. म्हणाली, "गूळ सगळ्यांनाच ठाऊक हाय. पुरं लिहा."

म्हणून पुरं लिहिलं. 'चोरून घातलेला गूळ. घालणारा दत्तू.' आणि पुढं तुझी लाल फुली, जशी होती तशी. इरफान तसंच आपल्या पेटीवर करून घेणार आहे. माकणीला मी स्वतः जाणार आहे, परवाच्या गाडीनं. तो काय म्हणेल ते ऐकून घेईन. बाकीच्या दोघांनी हे वाचलं तर त्यांनी स्वतः तपासून बघावं. डॉक्टरला विचारून, वेळेवर जेवून, आणि शिजवणाऱ्याच्या हाताकडं बघून.

खाली, यादीच्या शेवटी, हुलगा पुन्हा लिहिलाय. खडूनं. बरोबरच्या तीन खुणा केल्यात, पण त्या माझ्या अंगावरच्या आहेत, तुझ्या नाहीत. म्हणून रंगाला घाई नाही.

शेजाऱ्याकडं त्या जुन्या बियाण्याच्या चार मुठी शिल्लक निघाल्या. बैलांना घालूनही तो दरवर्षी थोडं पेरत आला होता. इरफान म्हणतो, पाऊस झाला की डोंगराखालच्या पट्टीत टाकू. त्यातली एक मूठ मी मागून घेतली आणि आज भाभीच्या पातेल्यात भिजत घातलीय. उद्याची आमटी मी करणार आहे. चिंच बेतानं घालीन. तिथं भाभी उभी राहणार आहे, मी काय घालतो ते बघायला. तिनं तसं सांगितलंय, आणि मी व्हय म्हणालोय.